एका नगाची प्रतवारी

बावीस वर्षं मी लोकांच्या कांद्याची साइझ ठरवत आलो आहे. नाशिक जिल्ह्यातून परदेशी जाणारा बराचसा कांदा आमच्या सहकारी संस्थेच्या शेडमधून जातो आणि शेडमधला एकही ट्रक माझ्या सहीशिवाय हलत नाही. हुद्दा प्रतवारी निरीक्षक. काम एवढंच, की पोत्यातून दहा कांदे काढायचे, लोखंडी रिंगांमधून घालून बघायचे आणि कागदावर लिहायचं: गोल्टी, गोल्टा, मीडियम, सुपर. सगळ्यांत बारीक ती गोल्टी, सगळ्यांत थोराड तो सुपर. या चार शब्दांवरून मी शेतकऱ्यांशी भांडलोय, व्यापाऱ्यांशी भांडलोय, एकदा तर दुबईहून आलेल्या पाहुण्याशी हिंदीतून भांडलोय. माझं माप चुकत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. त्यामुळे २००३च्या जानेवारीत डॉक्टर गायधनींनी समोर बसवून "कोठावदे, साइझ कोणती घ्यायची?" असं विचारलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. ते लगेच थांबलं, कारण विषय कांद्याचा नव्हता.

गाठ कशी सापडली, ऑपरेशनच्या दिवशी कोण कोण रडलं, हे मी सांगत बसत नाही. ते सांगायला आमच्या आत्याबाई आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. थोडक्यात, आदल्या जुलैत उजव्या वृषणात गाठ निघाली, डॉक्टरांनी गाठीसकट सगळंच काढलं, रिपोर्ट चांगले आले आणि "आता विसरून जा" असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. "विसरून जा" असं सांगणाऱ्याकडे दोन असतात, हे इथे लक्षात घ्यावं.

आता शब्दाची पंचाईत आहे. आपल्या भाषेत या अवयवाला दोनच तऱ्हेचे शब्द आहेत. एक वर वापरला तो. तो उच्चारला की माणूस संस्कृतचा मास्तर वाटतो. बाकीचे सगळे रिक्षा स्टँडवरचे. मध्यमवर्गीय माणसाने सोफ्यावर बसून, बायकोसमोर, चहा पिता पिता वापरावा असा शब्दच कुणी केलेला नाही. म्हणून मी आमच्या शेडमधला शब्द घेतो. नग. मूळ नग दोन, बाद एक, शिल्लक एक.

एका नगावाचून माणसाचं काही अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते आणि खरंच अडलं नाही. अडलं ते बाथरूमच्या दारापाशी. लग्नाला वीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी आंघोळ करून, पंचा गुंडाळून बाहेर यायचो आणि खोलीत कपडे घालायचो. माझी बायको साधना तिथेच कपाटाशी काहीतरी करत असायची आणि गॅसचा नंबर लावलात का ते विचारायची. ऑपरेशननंतर मी कपडे बाथरूममध्ये घेऊन जायला लागलो आणि आतून कडी लावायला लागलो. झोपायचं तेही भिंतीकडे तोंड करून. साधना यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ मी परस्पर लावून टाकला, की तिच्या नजरेत आपली प्रत घसरली. हा विचार मला फार लागायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाला नावं ठेवायची आणि संध्याकाळी घरी आपणच खालच्या प्रतीचे, असं ते सहा महिने चाललं होतं.

म्हणून तपासणीला गेल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, की सिलिकॉनचा बसवता येतो, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो.

"पण त्याचं काम काही नाही हं," डॉक्टर म्हणाले. "नुसता दिसायला."

मी बावीस वर्षं सहकारी संस्थेत काढली आहेत. काम काही नाही, नुसता दिसायला, यात मला काही वावगं वाटेना. आमच्याकडे दोन संचालक याच गुणावर तीनदा निवडून आलेत. मी लगेच हो म्हणालो. डॉक्टरांनी मुंबईच्या कंपनीचा एक फॉर्म दिला. शिल्लक नगाची सोनोग्राफी करून घ्यायची, आलेलं माप फॉर्मवरच्या चौकोनात मिलिमीटरमध्ये लिहायचं आणि फॉर्म त्यांच्याकडे आणून द्यायचा. चौकोनाखाली मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. मुंगीच्या पायांएवढं इंग्रजी मी वाचत नाही.

सोनोग्राफीला गेलो. येत्या सिंहस्थासाठी सगळं शहर उकरून ठेवलेलं, त्यामुळे स्कूटर लांब लावून, खड्डे चुकवत, धूळ खात सेंटर गाठलं. चपला बाहेर काढल्या. नंबर आल्यावर आत गेलो, तर मशीनपाशी पांढरा कोट घालून आमच्या वरच्या मजल्यावरच्या निरगुडे अण्णांची तृप्ती उभी. ही मुलगी माझ्या मांडीवर बसून पाढे शिकली.

"काका, तुम्ही? या ना. काय करायचंय?" असं म्हणत तिने कागदासाठी हात पुढे केला.

मी कागद मुठीत चुरगाळला. "काही नाही, चुकून आलो. मला बँकेत जायचं होतं," असं म्हणून जो बाहेर पडलो, तो स्कूटरपाशी येऊनच थांबलो. किक मारायला पाय उचलला तेव्हा कळलं की पायात चपला नाहीत. परत जायची छाती झाली नाही. तसाच अनवाणी घरी आलो.

संध्याकाळी साधना भिशीला गेली होती. दारावर थाप पडली. दारात निरगुडे अण्णा, हातात माझ्या चपला. अण्णा एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत. तीस वर्षं फलाटावर गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला आहे, की ते कुजबुजले तरी चारही मजल्यांना कोणती गाडी कुठे लागली ते कळतं.

"जीवनराव, तृप्ती म्हणाली, काका घाबरून पळाले. काय भानगड आहे?"

"काही नाही अण्णा, पोटाचा फोटो काढायचा होता."

"पोटाच्या फोटोला माणूस अनवाणी पळत नाही," अण्णा म्हणाले आणि सोफ्यावर बसले. ते असे बसले की काहीतरी घेतल्याशिवाय उठत नाहीत, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. मी चहा दिला, तो घेतला. मी राजकारण काढलं, त्यांनी ते बाजूला सारलं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. सांगितल्यावर मला वाटलं, आता हा माणूस हसणार. अण्णा हसले नाहीत. त्यांनी विषय फारच गांभीर्याने घेतला आणि तेच जास्त महागात पडलं.

"मोठा घे," ते म्हणाले.

"अण्णा, दुसऱ्याशी जुळायला हवा ना?"

"कशाला जुळायला हवा? आमच्या गाड्यांचे मागचे टायर कधी एका मापाचे होते का? सुरगाण्याच्या घाटात गेल्या ना गाड्या?"

"तुम्ही गाडी चालवत नव्हता, अण्णा. तुम्ही कंट्रोलर होतात."

"सोडत तर मीच होतो! देवाने जे दिलं त्यात आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आता आयुष्यात पहिल्यांदा निवडायची संधी आलीय, तर मीडियमवर काय समाधान मानतोस? शाळेचे बूट घेताना आपण एक नंबर मोठाच घेतो."

"ती मुलं वाढत असतात. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे."

"असू दे," अण्णा म्हणाले. हे शेवटचे दोन शब्द पार्किंगमधल्या वॉचमननेही ऐकले असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्याने मला न मागता स्कूटर पुसून दिली.

अण्णांच्या पत्नी वत्सलाबाई दर हिवाळ्यात डब्यातून डिंकाचे दोन लाडू पाठवतात. त्या आठवड्यात डबा आला त्यात तीन होते. मी डबा परत द्यायला गेलो आणि तीन का, असं सहज विचारलं. वत्सलाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "म्हटलं, दोन बघून भावजींना उगाच वाईट वाटायला नको." त्या बाईच्या मनात माया होती यात शंका नाही. पण ती मायाही मला आठवडाभर टोचली.

सगळी सोसायटी जाणून होती. फक्त साधनाला माहीत नव्हतं, अशी माझी पक्की समजूत होती. तिला मी एकदम सगळं झाल्यावर सांगणार होतो, म्हणजे जुनं काही बोलायलाच नको.

आता माप कसं घ्यायचं हा प्रश्न होता. तृप्तीसमोर जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या सेंटरवर गेलो तर तिथेही कुणाची तरी मुलगी असणारच. नाशिक अजून एवढं मोठं झालेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला मनातून थोडा रागही आला होता. बावीस वर्षं साइझ ठरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या एका नगासाठी मशीनपुढे आडवं व्हावं लागतं? मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पिशवीत घालून शेडमधल्या रिंगा घरी आणल्या. पंचवीस मिलिमीटरपासून सत्तरपर्यंत, एका तारेत ओवलेल्या, शिक्का मारलेल्या सरकारमान्य रिंगा.

जानेवारीतली नाशिकची सकाळ आणि लोखंड यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनाच मी काय सोसलं ते कळेल. पहिल्या दिवशी रिंग लागताक्षणी नग जो वर पळाला तो नऊ वाजेपर्यंत खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी मी रिंगा गरम पाण्यात बुडवून घेतल्या, तर जरा जास्तच गरम झाल्या. तिसऱ्या दिवशी तार हातातून सुटली आणि फरशीवर देवळातल्यासारखा घंटानाद झाला.

"अहो, आत काय वाजतंय?" बाहेरून साधना.

"साबणाची डबी पडली."

"डबी प्लास्टिकची आहे."

यावर मी नळ सोडला. नियम असा आहे, की एका पोत्यातले दहा कांदे बघून सरासरी काढायची. इथे पोत्यात एकच. म्हणून मी दहा दिवस माप घेतलं आणि रोज डायरीत टिपलं. कांदा मोजायचा तो नेहमी पोटावर, आडवा. शेंडी आणि मुळी धरायची नाही. शेडमध्ये नवीन आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. अण्णांचा सल्ला रोज कानात वाजत होता, नाही असं नाही. पस्तीसची रिंग हातात घेऊन मी दोनदा विचारात पडलो. पण निरीक्षकाच्या पेशाला काही इमान असतं. दहा दिवसांची सरासरी आली अठ्ठावीस आणि मी चौकोनात ठसठशीत अक्षरांत अठ्ठावीसच लिहिलं. फॉर्म डॉक्टरांकडे न देता परस्पर मुंबईला पाठवला. दिला असता, तर सोनोग्राफीचा कागद कुठे आहे, हे त्यांनी विचारलं असतं.

तीन आठवड्यांनी कुरियरवाल्याचा फोन आला. पार्सल शहराच्या वेशीवर जकात नाक्यात अडकलं होतं. माल कोणता ते खोक्यावर नीट लिहिलेलं नव्हतं. मालकाने जातीने येऊन खुलासा करावा.

नाक्यावर ट्रकची रांग लागली होती. टेबलामागे हिरामण नावाचे कारकून बसले होते. मफलर, चष्मा, समोर जाडजूड दरपत्रक. माणूस वाईट नव्हता, पण नेमका होता. नेमका माणूस समोर आला की मला धडकी भरते, कारण मी स्वतः तसाच आहे.

"काय माल आहे?"

"औषधाचं आहे."

"गोळ्या की पातळ?"

"गोळी म्हणता येईल," मी म्हणालो. "पण खायची नाही."

हिरामणांनी दरपत्रकात बोट फिरवलं. "रबरी वस्तू, खेळणी, प्लास्टिकचं घरगुती सामान, शस्त्रक्रियेची उपकरणं. यातलं काय?"

मी त्यांच्या कानाशी वाकून काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि चष्मा परत लावला.

"किती नग आहेत?"

"एक."

"जोडीतला दुसरा कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"त्याची जकात भरल्याची पावती?"

"तो इथलाच आहे हो," मी कळवळून म्हणालो. "शहरात जन्मलेला. बाहेरून आणलेला नाही."

हे त्यांना पटलं. पण माल पाहिल्याशिवाय पास करता येत नव्हता. त्यांनी ब्लेडने खोकं उघडलं. आतून डबी, डबीतून पाकीट निघालं आणि पाकिटावरची पट्टी मी थांबवेपर्यंत त्यांनी फाडलीसुद्धा. तळहातावर एक इवलीशी पांढरट वस्तू आली. रांगेतल्या कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर दत्तू कागद घेऊन माझ्यामागेच उभा होता. दत्तू येवल्याचा, आमच्या शेडवर नेहमीचा. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय. ती वस्तू दिसताच माझ्या तोंडून नाक्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं निघून गेलं:

"ही तर गोल्टी आहे!"

"साहेब," दत्तू खांद्यावरून बघत म्हणाला, "हिला तर कोनी बी हात नाय लावनार. कोनाचा माल हाय?"

त्या माणसाचे किती ट्रक मी गोल्टी म्हणून परत पाठवले होते, ते मला त्या क्षणी सगळे आठवले. हिरामणांनी डबीवरचं वाचलं आणि ते मायेने म्हणाले, "लहान मुलांसाठीचं दिसतंय. आधी बोलायचं ना साहेब. पोराचं आहे का? बरा होऊ दे." त्यांनी लगेच शिक्का मारला. पोर माझं नव्हतं, तर मीच होतो, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

डॉक्टर गायधनींनी डबी पाहिली, मी पाठवलेल्या फॉर्मची प्रत पाहिली, माझ्या डायरीतली दहा मापं पाहिली. मग खुर्ची फिरवून ते खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं.

"कोठावदे, तुम्ही रुंदी मोजलीत. फॉर्ममध्ये लांबी मागितली होती. खाली लिहिलंय."

"डॉक्टर, माप पोटावर घ्यायचं असतं. शेंडी धरत नाहीत."

"ते कांद्याचं!" डॉक्टर ओरडले. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "आणि पाकीट फोडलं, आता कंपनी परत घेणार नाही. शनिवारी त्यांचा माणूस नमुन्यांचा डबा घेऊन येतोय. मी स्वतः जुळवून घेतो. तुम्ही फक्त या. रिंगा आणू नका. आणि वहिनींना आणा."

"तिला कशाला? तिला यातलं काही माहीत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

शनिवारी मी चोरपावलांनी निघालो. दाराशी चपला शोधत होतो, तर साधना पर्स घेऊन, साडी बदलून तयार.

"चला. उशीर होतोय," ती म्हणाली.

"कुठे?"

"अण्णांनी जिन्यातून सगळं सांगितलंय. त्या संध्याकाळी मी भिशीतून परत येत होते. तळमजल्यावरूनच ऐकलं. आजचं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, जकात नाक्यासकट." एवढं बोलून तिने कुलूप घातलं. मी रिक्षेत तिच्या शेजारी बसलो. पंचवटीपासून कॉलेज रोडपर्यंत रिक्षावालाच सिंहस्थाच्या खड्ड्यांवर बोलत होता आणि आम्ही दोघंही त्याला हो हो म्हणत होतो.

डॉक्टरांच्या टेबलावर डबा उघडून ठेवला होता. पेढ्यांच्या डब्यासारखे कप्पे आणि त्यात चार नमुने, लहानापासून मोठ्यापर्यंत. हाताळायलाच ठेवलेले. मी डब्याकडे बघितलं आणि माझं सगळं शिक्षण कुठल्या कुठे गेलं. गोल्टीचा डाग धुऊन काढायचा होता. मी सगळ्यांत मोठ्याकडे बोट केलं.

"हा बरा वाटतो."

डॉक्टर काही म्हणायच्या आत साधनाने पर्स मांडीवर ठेवली आणि टोमॅटोच्या ढिगात हात घालावा तशी ती डब्यावर वाकली. मोठा उचलून बघितला. "हा नाही." त्याच्या शेजारचा जरा तळहातावर तोलला, ठेवून दिला. मग दुसरा उचलला, मूठ मिटली, उघडली.

"हा."

"वहिनी, मोजून बघू ना," डॉक्टर म्हणाले.

"बघा," ती म्हणाली.

मग मला त्याच सेंटरवर, त्याच तृप्तीसमोर आडवं व्हावं लागलं. तिने वर पडदा धरला, गार मलम लावलं आणि "काका, श्वास घ्या, झालं" एवढंच म्हणाली. दीड मिनिट लागलं. दहा दिवसांच्या रिंगा, सरासरी, डायरी, सगळं मला आठवलं. यावेळी मी चपला घालून बाहेर आलो. कागदावर लांबी होती बेचाळीस. साधनाने उचललेल्या नमुन्यावर बारीक अक्षरांत कोरलं होतं: बेचाळीस. यावेळी मी ते डॉक्टरांकडून निघतानाच वाचलं होतं.

परत डॉक्टरांकडे जायला वेळ होता. सेंटरबाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"अहो, वीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली आणि पुढे रस्त्याकडे बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

"मग आधी का नाही बोललीस? मी दहा दिवस थंडीत…"

"तुम्ही विचारलंत?" ती एकदम वळली. "सगळ्या सोसायटीला विचारलंत. अण्णांना विचारलंत. जकात नाक्यावरच्या माणसाला विचारलंत. मला नाही. सहा महिने तुम्ही आतून कडी लावून कपडे बदलताय. भिंतीकडे तोंड करून झोपताय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. ऑपरेशनच्या वेळी मी काही बोलून गेले असेन, म्हणून तुम्ही तुटलात. रोज आठवत बसायचे, काय बोलले असेन म्हणून."

हे मी कुठल्याही मापात धरलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुला आता मी…" मी म्हणालो आणि पुढचा शब्द सापडेना.

"डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, माणूस वाचला," साधना म्हणाली. "मी तेवढंच ऐकलं. आत किती उरले ते मी मोजायला गेले नाही. तुम्हाला बसवून घ्यायचं असेल तर बसवा, तुमच्यासाठी. माझ्यासाठी म्हणून बसवणार असाल, तर मला नकोय." तिचे डोळे भरून आले होते. तिने पदराने पुसले आणि मला म्हणाली, "आणि रिंगा संस्थेच्या आहेत, उद्या परत नेऊन ठेवा. नीट धुऊन."

मी बसवून घेतला. स्वतःसाठी. आरशात मला आवडतं, एवढंच कारण. अण्णांना "मीडियम" असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडून फार आशा धरली होती. वत्सलाबाईंच्या डब्यात लाडू परत दोन झाले. गोल्टी शेडमधल्या माझ्या टेबलावर आहे, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. नवीन शेतकरी विचारतो हे काय, तर मी नमुना म्हणून सांगतो. दत्तू आला की मी ती ड्रॉवरमध्ये टाकतो आणि त्याच्या मालाला गोल्टी म्हणण्याआधी दोनदा मोजतो.

टाके सुकल्यावरचा तो पहिला रविवार. आंघोळ झाली. हात सवयीने कपड्यांकडे गेला, पण कपडे मी मुद्दामच खोलीत ठेवले होते. कडी काढली, पंचा गुंडाळला आणि बाहेर आलो. साधना कपाटाशी चादरींच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोरच कपडे घातले. जरा सावकाश, म्हणजे कुणाला बघायचंच असेल तर बघता यावं इतपत. तिने मान वर केली आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं. मी उभा राहिलो. माझ्या टेबलापुढे शेतकरी पोतं उघडून उभा राहतो, तसाच.

"बनियन उलटा घातलाय," साधना म्हणाली. "आणि गॅसचा नंबर लावलात का?"